चालवायला दिलेले दुकान

आपल्या भाषेत 'चालवायला देणे' हा एक मोठा सोयीस्कर वाक्प्रयोग आहे. दुकान विकले नाही, भाड्याने दिले नाही, भागीही घेतली नाही. नुसते चालवायला दिले. घेणाराही तसेच म्हणतो, 'मी चालवायला घेतले.' व्यवहार सुरळीत असतो तोवर या शब्दाची व्याख्या करण्याची कोणालाच गरज भासत नाही. ती गरज भासते बहुधा वीस वर्षांनी, आणि तेव्हा ती न्यायालयाच्या दारात भासते.

जालन्यासारख्या व्यापारी गावात या शब्दाचा वावर फार जुना असल्यास नवल नाही. कुंडलिकेच्या एका काठावर जुना जालना, दुसऱ्या काठावर कादराबाद. निजामी राजवटीत लष्करी छावणी आणि पुढे गोदावरी खोऱ्यातील रेल्वे आल्यानंतर कापसाचा मोठा बाजार. सरकी काढण्याचे कारखाने, गठाणी बांधण्याचे प्रेस, तेलाच्या घाण्या, डाळीच्या गिरण्या यांनी या गावाला 'सोन्याचा पाळणा' ही म्हण मिळवून दिली. असे कारखाने हंगामी असतात. मालकाजवळ इमारत आणि यंत्रे असतात, पण कधी भांडवल नसते, कधी उमेद नसते, कधी घरात कर्ता पुरुषच उरलेला नसतो. मग हंगामापुरता कारखाना कोणाच्या तरी हाती सोपवला जातो. सोपवले ते काय, इमारत की धंदा? या एका प्रश्नावर आपल्या देशातील न्यायालयांनी गेली साठ-सत्तर वर्षे केवढी शाई खर्ची घातली आहे, हे पाहिले की मन थक्क होते.

प्रश्न कळावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. जुन्या जालन्यातील एका गृहस्थाचे अकाली निधन झाले. मागे पत्नी, दोन लहान मुले आणि एक पिठाची गिरणी. ओळखीतला एक तरुण पुढे आला. 'वहिनी, मी गिरणी चालवतो, महिन्याला ठरलेली रक्कम तुमच्या हातावर ठेवतो, मुले मोठी झाली की किल्ली परत देतो.' वहिनींनी वकिलाकडून अकरा महिन्यांचा कागद करून घेतला. अकरा महिने संपले, दुसरा कागद झाला. पुढे कागद करण्याचेही राहून गेले. वीस वर्षांनी मुलगा गिरणी मागू लागला. तो तरुण आता पन्नाशीला टेकलेला. त्याचे म्हणणे असे की, जुनी मोटार जळाली तेव्हा नवी मी आणली, जाते मी बदलले, गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे पाहून येते. तुमचे आता येथे चार भिंतींवाचून उरले काय? मी या जागेचा भाडेकरू आहे. मुलगा म्हणतो, आईने तुम्हांला जागा दिलीच नव्हती, वडिलांचा धंदा सांभाळायला दिला होता. दोघेही प्रामाणिकपणे बोलत आहेत. म्हणूनच हा दावा कठीण.

मराठवाड्याला ही कोंडी शेतीच्या रूपाने आधीच ठाऊक होती. बटईने जमीन करणारा माणूस कोण? मालकाचा भागीदार, गडी की कूळ? जमीनदार सोयीप्रमाणे उत्तर देत. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात आल्यानंतर दोन वर्षांच्या आतच १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला आणि त्याने उत्तर देण्याचे काम मालकाकडून काढून घेतले. दुसऱ्याची जमीन कायदेशीर रीतीने कसणारा, मालक स्वतः ती कसत नसेल तर, कूळ मानला जाईल. अपवाद मोजके: मालकाच्या कुटुंबातला माणूस, गहाण घेऊन ताबा मिळवलेला सावकार आणि मजुरीवर ठेवलेला नोकर. त्यातही खोच अशी की, नोकराची मजुरी रोख असो वा धान्यात, ती पिकाच्या वाट्याच्या रूपात असता कामा नये. वाटा घेणाऱ्याला 'गडी' म्हणण्याची पळवाट कायद्याने एका ओळीत बुजवली. कायदा लिहिणाऱ्यांना गावातील व्यवहाराची किती नेमकी जाण होती, हे या एका अटीवरून दिसते.

बाजारपेठेसाठी मात्र असे एका ओळीचे उत्तर कोणी दिले नाही. शहरांतील घरे-दुकानांसाठी १९५४ साली हैदराबादचा घरभाडे, निष्कासन व पट्टा नियंत्रण कायदा झाला. भाडेकरूला वाटेल तेव्हा काढता येणार नाही. थकबाकी, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, मालकाची खरीखुरी गरज अशी ठरावीक कारणे भाडे नियंत्रकापुढे सिद्ध करावी लागतील, हे त्याचे सार. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना वेगळा जिल्हा निघाला. पण जालन्यातील घरमालक आणि भाडेकरू या सर्व काळात त्या हैदराबादी कायद्याखालीच नांदत होते. मुंबई-पुण्याला १९४७ चा मुंबई कायदा, विदर्भाला १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा आदेश आणि मराठवाड्याला १९५४ चा कायदा. एका राज्यात घरभाड्याची तीन राज्ये, आणि तीही जवळजवळ चाळीस वर्षे!

आता मुंबईकडे वळावे लागेल, कारण 'चालवायला देणे' या साध्या बोलीला 'कंडक्टिंग ॲग्रीमेंट' असे भारदस्त नाव मिळाले ते मुंबईत. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, तेथे भाडे रोखणारा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तसेच झाले आणि १९४७ च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. हेतू चांगला होता. फाळणीनंतर लोंढ्यांनी भरलेल्या शहरात गरीब माणसाच्या डोक्यावरचे छप्पर टिकले ते याच कायद्यामुळे. परंतु बांधलेले भाडे वर्षानुवर्षे तसेच राहिले आणि जागेची किंमत शंभर पटींनी वाढली, तेव्हा मालक आणि भाडेकरू दोघेही वाटा शोधू लागले. पागडी ही त्यांतली एक. ती गुन्हा होती, आणि सर्रास चाले. दुसरी वाट पोटभाडेकरूची. कायद्याने ती बंद केली होती; पण इतके लोक त्या वाटेने गेले होते की, १९५९ साली सरकारला वटहुकूम काढून २१ मे १९५९ पूर्वीचे पोटभाडेकरू मान्य करावे लागले.

मग लोक शहाणे झाले. 'भाडे' हा शब्दच कागदातून हद्दपार झाला. त्याच्या जागी 'लीव्ह अँड लायसन्स' आले, म्हणजे जागेवर हक्क काही नाही, नुसती वापरायची परवानगी. ही कल्पना १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातली; भाडेपट्ट्याची व्याख्या त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातली. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन व्याख्यांमधली फट एवढी रुंद निघाली की, तिच्यातून अख्ख्या मुंबईतल्या खोल्या आणि गाळे निसटू लागले. विधिमंडळाने ती फट १९७३ मध्ये बुजवली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्याच्याजवळ चालू करारानुसार परवान्याची जागा होती, तो त्या दिवसापासून मालकाचा भाडेकरू मानला गेला. संध्याकाळी परवानाधारक म्हणून झोपलेला माणूस सकाळी भाडेकरू म्हणून उठला, असे त्या तारखेचे वर्णन करता येईल.

पण त्याच दुरुस्तीने 'परवानाधारक' कोणाला म्हणू नये याचीही यादी दिली. पेइंग गेस्ट नव्हे, एकत्र राहणारा नातलग नव्हे, मालकाचा नोकर नव्हे, आणि परवाना देणाऱ्याच्या मालकीचा चालू धंदा चालवणारा माणूसही नव्हे. कायद्याची भाषा सरळ होती आणि तिच्यामागचा विचारही योग्य होता. ज्याने स्वतःचे उपाहारगृह उभे केले, भांडी-टेबले, परवाने, नोकर, गिऱ्हाईक सगळे जमवले आणि आजारपणामुळे दोन वर्षांसाठी दुसऱ्याच्या हाती दिले, त्याचे उपाहारगृह एका तारखेने कायमचे जावे हा न्याय नव्हे. विधिमंडळाने त्याला वाचवले. त्याला वाचवताना मात्र पुढच्या सर्व लबाडांना वाट दाखवली. रिकामा गाळा देतानाही आता कागदावर 'चालू धंदा' लिहिला जाऊ लागला. कपाट एक, गल्ला एक, पाटी एक, झाला धंदा! भाड्याला 'रॉयल्टी' म्हणायचे, भाडेकरूला 'कंडक्टर' म्हणायचे.

येथे जालन्याचे वेगळेपण लक्षात घेतले पाहिजे. १९७३ ची ती दुरुस्ती मुंबई कायद्याला होती. मराठवाड्याच्या कायद्याला ती लागू नव्हती. एकाच घराण्यातील एका भावाचा गाळा ठाण्यात आणि दुसऱ्याचा जालन्यात असता, दोघांचे कागद एकाच मसुद्यावरून उतरवलेले असते, तरी ठाण्यातील गाळेवाला १ फेब्रुवारी १९७३ रोजी भाडेकरू झाला असता आणि जालन्यातला होता तेथेच राहिला असता. त्याला कोणतीही तारीख तारणार नव्हती. त्याला एकच मार्ग उरला: कागद काहीही म्हणो, प्रत्यक्षात मला जागाच भाड्याने दिली होती, हे पुराव्याने सिद्ध करणे.

कागदापेक्षा व्यवहार पाहावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगितले होते. प्रकरण दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलातील केशकर्तनालयाच्या जागेचे. करारात शब्द परवान्याचे होते. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी कसोट्या मांडल्या: शब्द नव्हे तर आशय पाहावा, पक्षकारांचा हेतू पाहावा, जागेचा अनन्य ताबा दिला असेल तर सकृद्दर्शनी तो भाडेपट्टा समजावा. बहुमताने तो व्यवहार भाडेपट्ट्याचाच ठरला. त्यानंतर या विषयावरील क्वचितच एखादा दावा असा असेल, ज्यात या निकालाचे नाव निघाले नाही.

तथापि जालन्याच्या गिरणीवाल्यांना अधिक जवळचा वाटावा असा निकाल १९६५ च्या निकालपत्रांत छापलेला आहे, आणि तो चक्क एका डाळगिरणीचा आहे. मध्य प्रदेशातील ही गिरणी यंत्रांसह पट्ट्याने दिली होती. मुदत संपल्यावर घेणाऱ्याने भाडेनियंत्रण कायद्याचा आधार मागितला. म्हणाला, इमारत मला भाड्याने दिली, यंत्रे काय, तिच्यात बसवलेली आहेत एवढेच. सर्वोच्च न्यायालयाने उलट प्रश्न केला: या व्यवहारात मुख्य काय आणि गौण काय? माणूस डाळगिरणी घेतो ती चार भिंतींसाठी की जात्यांसाठी? जागेत राहणे अधिक सुखाचे व्हावे म्हणून पंखा-दिवा दिलेला असतो, त्या जातीची ही यंत्रे नव्हेत. प्रधान हेतू गिरणी देण्याचा होता, इमारत तिच्यामागून आली. म्हणून भाडेकरूचे संरक्षण नाही. दहा वर्षांनी, १९७५ मध्ये, उत्तर प्रदेशातील एका चित्रपटगृहाबाबत तेच झाले. पडदा, प्रोजेक्टर, खुर्च्यांसह चालते थिएटर दिले असेल तर ती जागा नव्हे, तो धंदा.

हे निकाल तर्काला धरून आहेत. तरीही ते वाचताना एक शंका माझ्या मनातून जात नाही. प्रधान हेतू ज्या दिवशी करार झाला त्या दिवसाचा पाहायचा, हे खरे. पण वीस वर्षांत जाती झिजतात, मोटारी जळतात, पट्टे तुटतात. मालकाने दिलेल्या 'धंद्या'तील एकही वस्तू उरत नाही, उरतात त्या भिंती. चालवणाऱ्याच्या कष्टाने जो नवा धंदा उभा राहिला तो कोणाचा? उत्तम कराराने याचे उत्तर आधीच दिलेले असते. आपल्याकडील बहुतेक करारांना हा प्रश्न सुचलेलाच नसतो.

अशा दाव्यांत न्यायाधीश काय पाहतात, हे समजून घेणे कुटुंबाच्या हिताचे आहे. करार झाला त्या दिवशी धंदा खरोखर चालू होता का? आदल्या वर्षाचा विक्रीकर भरला होता का, वह्या आहेत का, नोकरांची नावे हजेरीपटावर आहेत का? गुमास्ता परवाना, खाद्यपदार्थांचा परवाना, विजेचा मीटर कोणाच्या नावाने? सामानाची यादी कराराला जोडली होती का? महिन्याची रक्कम नफ्यातोट्याप्रमाणे कमीजास्त होते की भाड्यासारखी ठाम? मालक कधी दुकानात येऊन हिशेब पाहतो का? आणि किल्ली रात्री कोणाच्या घरी जाते? यांतील कोणतीही एक गोष्ट निर्णायक नसते. सगळ्या मिळून चित्र उभे राहते. गंमत अशी की, गरजू माणूस दुकान घेताना मालकाच्या समाधानासाठी सारे परवाने त्याच्याच नावावर राहू देतो, दरवर्षी स्वतः रांगेत उभा राहून त्यांचे नूतनीकरणही करतो, आणि पुढे तेच कागद त्याच्याविरुद्ध पुराव्यात येतात. उलट बाजूस, भोळी मालकीण मीटर त्याच्या नावावर करून देते, पावतीवर 'भाडे मिळाले' असे लिहून सही करते आणि स्वतःचा दावा स्वतःच्या हस्ताक्षरात बुडवते.

दावा कोठे लावायचा, हाच पहिला वाद असे. चालवणारा भाडेकरू असेल तर भाडे नियंत्रक. नसेल तर दिवाणी न्यायालय. तो भाडेकरू आहे की नाही, हाच तर मूळ झगडा! मुंबईत हा पेच १९८१ च्या नटराज स्टुडिओ विरुद्ध नवरंग स्टुडिओ या गाजलेल्या प्रकरणात उघड झाला. अंधेरीच्या चित्रपटनिर्मितीच्या दोन स्टुडिओंचा १९७० चा लीव्ह अँड लायसन्सचा करार. त्यात वाद लवादाकडे न्यावा अशी अट. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, १ फेब्रुवारी १९७३ ला करार जिवंत होता, म्हणून घेणारा भाडेकरू झाला. आणि मालक-भाडेकरूंचा वाद ऐकण्याचा अधिकार कायद्याने फक्त लघुवाद न्यायालयाला दिला आहे. दोन पक्षांनी आपसांत ठरवून तो लवादाला देता येत नाही. लोकहितासाठी दिलेले संरक्षण करारातील एका कलमाने काढून घेता आले असते तर ते संरक्षण कसले?

जालन्याच्या पक्षकाराला अपिलासाठी कुठवर जावे लागे, तेही आठवावे. १९५६ पर्यंत उच्च न्यायालय हैदराबादला, त्यानंतर मुंबईला. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले, आणि त्यालाही आव्हान मिळून १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवावे लागले. तोपर्यंत एका छोट्या गाळ्याच्या दाव्यासाठी मुंबईची रेल्वे, मुंबईचा वकील, मुंबईतला मुक्काम. ज्याच्या हाती ताबा त्याला उशीर परवडतो. म्हणून बऱ्याच कुटुंबांनी न्याय मिळण्याची वाट न पाहता काही रक्कम देऊन-घेऊन विषय मिटवला असेल. त्यांची नोंद कोणत्याही निकालपत्रात सापडणार नाही.

या नाटकात कधी तिसरे पात्रही असते. भाडेकरूच आपले दुकान दुसऱ्याला चालवायला देतो. मूळ मालक म्हणतो, हा पोटभाडेकरू, दोघांनाही काढा. मग भाडेकरू घाईघाईने भागीदारीचा दस्त पुढे करतो. भागीदारी खरी असेल तर ती पोटभाडे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये मान्य केले. पण २००४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, दस्त पडद्यासारखा वापरला असेल तर पडदा दूर सारून पाहिले जाईल. जागेचा ताबा पुरता सोडून दिलेला भागीदार हा भागीदार नव्हे.

तीन कायद्यांचा हा संसार अखेर एक झाला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई कायद्यातील गोठवलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने मुंबई, वऱ्हाड व हैदराबाद ही तिन्ही जुनी चौकट मोडून टाकली. पागडी गुन्हा राहिली नाही. जालन्याचा भाडे नियंत्रक गेला आणि असे दावे दिवाणी न्यायाधीशांपुढे येऊ लागले. परवानाधारकाच्या व्याख्येतून 'चालू धंदा चालवणारा' मात्र नव्या कायद्यानेही पूर्वीसारखाच वगळला आहे. मुदत संपताच झटपट ताबा मिळवून देणारी सक्षम प्राधिकाऱ्याची सोय आहे ती राहण्याच्या जागेसाठी. दुकानाला ती लागू नाही.

या कायद्याचे कलम ५५ प्रत्येक घरात माहीत असायला हवे. भाड्याचा वा परवान्याचा करार लेखी असला पाहिजे, नोंदवलेला असला पाहिजे, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. मालकाने ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे असे की, नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाईल. आपल्यातील अनेक ज्येष्ठांना 'शब्द दिला' एवढे पुरत असे. कायद्याने आता मौन राहणाऱ्या मालकाच्या तोंडी भाडेकरूचे शब्द घातले आहेत.

आपल्या त्या गिरणीच्या कल्पित दाव्याकडे परत येऊ. वहिनींजवळ पहिला अकरा महिन्यांचा कागद आहे, पतीच्या नावाचा परवाना आहे, सामानाची यादी मात्र नाही. समोरच्या बाजूस वीस वर्षांच्या पावत्या आहेत. त्यांतल्या काहींवर 'गिरणीचे', काहींवर 'भाड्याचे' असे लिहिले आहे, आणि सगळ्यांवर वहिनींचीच सही आहे. मोटारीचे बिलही आहे. उलटतपासणीत वकिलाने त्यांना पहिला प्रश्न तोच विचारला, की जळालेली मोटार नवी आणायचे ठरले तेव्हा पैसे कोण देणार, हे तुम्ही दोघे काय बोलला होता? वहिनी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, तेव्हा आम्ही त्याला घरातलाच समजत होतो, ते बोलणे झालेच नाही.